तळमजल्यावरचा बाक

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि पिल्लू तिघंही मजेत असाल. इकडे सगळं ठीक आहे. पत्राची पहिली ओळ अशीच लिहायची असते म्हणून लिहिली. त्यातलं खरं किती, ते पुढे वाचून तूच ठरव.

तुझं पत्र मिळालं. फोनऐवजी पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू ओरडतेस, मी रडते, आणि आपलं घर एवढंसं की बाबांना सगळं ऐकू जातं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. विचारलं तर म्हणतात, "डोळा लागला होता."

तू एकच प्रश्न विचारला आहेस आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारली आहेस. "बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाऊ का? हो की नाही, एवढंच कळव." कळवते गं. लगेच अंगावर येऊ नकोस. आधी इकडची खबरबात ऐक.

बाबांचा उजवा हात अजून तसाच लोंबतो, पण बोटं थोडी हलायला लागली आहेत. काठी घेऊन पाय ओढत घरातल्या घरात फिरतात. खाट, न्हाणीघर, खिडकी, परत खाट. शब्द जड येतात, पण खोड गेलेली नाही. मी कॉलेजातून आले की चप्पल काढायच्या आत विचारतात, "कुठलं?" डेपोच्या तिकीटखिडकीवर आयुष्य गेलं त्यांचं, आजारपणाने तेवढं पुसलेलं नाही. मी म्हणते, "स्वयंपाकघर, एक." ते म्हणतात, "सुट्टे द्या." मग मी चहा टाकते. रोज हेच. मी कंटाळत नाही आणि तेही नाहीत.

मी कॉलेजात असते तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बसतात. डॉक्टर घरी येऊन तपासून जातात. तेव्हा काळजी करू नकोस.

आता माझं सांगते. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा प्रकल्प सुरू झालाय. जागा खरी आणि इमारत खोटी, असा आमचा कारभार. जागा कुठली माहीत आहे? जुन्या बस डेपोची. हो, बाबांचाच. डेपो गावाबाहेर गेल्यापासून तिथे नुसती कुत्री झोपतात. मी मागून घेतली नाही, सरांनी अख्ख्या वर्गाला तीच दिली. तिथे खाली बाजार आणि बसथांबा, मधे वाचनालय आणि दवाखाना, वर राहती घरं, अशी एकच मोठी इमारत करायची. तू म्हणशील, यात शिकायचं काय, आपल्याकडे निम्म्या इमारती अशाच आहेत, खाली किराणा आणि वर बिऱ्हाडं. बरोबर आहे. फक्त त्या कोणी विचार करून बांधलेल्या नाहीत. म्हणून तर आपल्या जिन्यात खालच्या गिरणीचं पीठ येतं आणि गिरणीत आपल्या न्हाणीघराचं पाणी गळतं.

आमच्या सरांची एक पद्धत आहे. तिला ते "दिवस काढणं" म्हणतात. नकाशे झाले की प्रत्येकाने आपल्या ओळखीचं एक खरं माणूस त्या इमारतीत सोडायचं आणि सगळ्या वर्गासमोर त्याचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस तिथे काढून दाखवायचा. उठला कुठे, पाणी कुठे प्यायला, ऊन आल्यावर कुठे सरकला, कोणाशी भांडला. माणूस अडला की इमारत नापास. एका मुलाने त्याची मावशी घेतली होती. मावशी दुपारपर्यंत स्वच्छतागृहच शोधत राहिली. वर्ग हसून हसून लोळला, सर हसले नाहीत.

मी बाबांना घेतलं.

त्यांच्यासाठी सगळ्यात वरच्या मजल्यावर कोपऱ्यातलं घर काढलंय. सकाळचं ऊन पलंगापर्यंत येतं. दारं एवढी रुंद की चाकाची खुर्ची सरळ आत जावी. उंबरा कुठेच नाही. एक लिफ्ट बंद पडली तर दुसरी, आणि दोन्ही पडल्या तर वरपर्यंत हळूहळू चढत जाणारा रॅम्प. पुढे मोठी गॅलरी, तिथून खालच्या बसगाड्या दिसतात. ताई, एवढं मन लावून मी याआधी काही काढलेलं नाही. बाप तिसऱ्या मजल्यावर लिफ्टवाचून आणि पोरगी कागदावर दोन-दोन लिफ्ट काढतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी दिवस काढून दाखवला. बाबा उठले, गॅलरीत बसले, जेवले, गॅलरीत बसले, मावळतीचं ऊन पाहिलं. सरांनी विचारलं, "खाली कधी उतरले?"

मी म्हटलं, "उतरू शकतात सर, लिफ्ट आहे."

"शकतात ते दिसतंय. उतरले का?"

"त्यांना वरच आवडतं."

"असं त्यांनी तुला सांगितलं?"

मला इतका राग आला! सरांना काय माहीत आमच्या घरचं? मी नकाशे गुंडाळले आणि जागेवर येऊन बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस की मी नाकाला मिरच्या झोंबल्यासारखी वागते. असेल.

गेल्या वेळी जिन्यात उभी राहून तू जे बोललीस, त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तू बोललीस आणि उतरून गेलीस. वर मी होते आणि उघड्या दाराआड बाबा होते. जाऊ दे.

पिल्लूला पापा. भाऊजींना नमस्कार.

तुझं,
शेपूट

ता. क. प्रश्नाचं उत्तर राहिलंच. पुढच्या आठवड्यात आमची तपासणी आहे, ती झाली की शांतपणे लिहिते.

२ मार्च

प्रिय ताई,

तपासणी होऊन बरेच दिवस झाले. तू आठवण केली नाहीस, त्यावरून तू किती रागावली आहेस ते कळलं. तू ओरडतेस तेव्हा मला निदान अंदाज असतो.

मॉडेल घरी करायला घेतलंय. कॉलेजात दिवसभर थांबले तर बाबांकडे कोण बघणार? काकूंनाही त्यांचं घर आहे. जेवायच्या टेबलावरचं सगळं काढून तिथे अख्खी इमारत मांडली आहे, पुढच्या रस्त्यासकट, पन्नास पटीने लहान. आम्ही दोघं खाटेवर ताटं घेऊन जेवतो. पुठ्ठ्याच्या चिंध्या घरभर, बोटांना कटरचे वार, आणि चहालासुद्धा गोंदाचा वास. बाबा खूश आहेत. डाव्या हाताने पट्टी दाबून धरतात, मी कापते. पट्टी हलली की मी ओरडते, आणि ते म्हणतात, "बस थांबल्याशिवाय चढू नये."

माणसंही कापली. प्रत्येक जण करंगळीच्या दोन पेरांएवढा. रांगेतले, पिशव्या घेतलेले, पोरं कडेवर घेतलेले. बाबांसाठी वेगळा माणूस केला, कंबरेत वाकवून बसवलेला, हातात बारीक तारेची काठी. तो वरच्या गॅलरीत ठेवला. बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पोट बरं कमी केलंस."

आता गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन पाहते तर गॅलरी रिकामी. शोधशोध केली. माणूस तळमजल्यावर! बसथांब्याच्या मोठ्या दाराशी मी एक लांब बाक केलाय, त्यावर आरामात बसलेला. मला वाटलं काकूंनी झाडताना पाडला असेल. उचलून परत वर ठेवला. दोन दिवसांनी परत खाली. मी काकूंना विचारलं तर त्या चिडल्याच. "मी तुझ्या त्या खेळण्याला हात लावत नाही बाई. त्या खोलीत मला शिंकायचीसुद्धा भीती वाटते."

मग काय, चोर घरातलाच. मी बाबांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते, जणू त्या गावचेच नाहीत. मी माणूस उचलून परत वर ठेवला. तेव्हापासून आमचा खेळच झालाय. मी वर ठेवून जाते, आले की माणूस खाली. एकदा तर त्याच्या शेजारी पिशवीवाली बाई आणून बसवली होती. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हटलं, "बाबा, आईला काय वाटेल?" तर हसले, तोंडाच्या एका बाजूने हसतात हल्ली तसे.

तर आता तुझा प्रश्न.

नाही, ताई.

कारणं सांगते, नाहीतर तू म्हणशील हट्टी आहे. एक म्हणजे त्यांचे डॉक्टर इथे आहेत. आणि तुझं घर तळमजल्याला, अगदी रस्त्यावर. दारासमोर बसथांबा, दिवसभर हॉर्न आणि धूर, येणारा-जाणारा घरात डोकावतो. आजारी माणसाला शांतता हवी. शिवाय त्यांना खाली उतरवायचं कसं? दवाखान्यातून आणलं तेव्हा तू नव्हतीस. दोन माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वर जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. बाबांचं कोपर भिंतीवर घासलं. त्यांनी आवाज केला नाही, पण डाव्या हाताने माझी ओढणी अशी धरली होती की घरात आल्यावरही सोडेनात. मला ते पुन्हा करायचं नाही.

आणि त्यांनी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं ना, "मी इथे बरा आहे"? मग? तिकडे राहून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. हे मला लिहायचं नव्हतं, पण खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशील, म्हणून ठेवते.

रागावू नकोस.

तुझं शेपूट

११ एप्रिल

प्रिय ताई,

माझ्या त्या पत्राला तुझं एका ओळीचं उत्तर आलं. "बरं, तुला योग्य वाटेल तसं." तू अशी निमूट कधीपासून ऐकायला लागलीस? लहानपणी मी तुझ्या मागे मागे यायची आणि तू वळून "घरी जा शेपट्या" म्हणून ओरडायचीस, ते बरं वाटायचं. गेल्या महिन्यात तू वळलीच नाहीस.

परवा परीक्षा झाली. ती कशी झाली ते ऐक, मग बाकीचं.

दुपारी कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार होते. सकाळी माझ्या वर्गातली दोघं मॉडेल न्यायला घरी आली. आम्ही टेबलावरून ते उचललं. दार ओलांडताना थोडं तिरपं केलं, चार झाडं पडली, पण निघालं. दोघं पायऱ्या उतरायला लागली, मी वरून "सांभाळून, सांभाळून" करत मागे. आणि वळणावर अडकलं.

ताई, मी टेबल मोजलं होतं. खोली मोजली होती. त्या इमारतीतला प्रत्येक जिना, प्रत्येक दार मोजून काढलं होतं. आपला जिना मोजला नव्हता. पाच वर्षं हेच शिकतेय, आणि घरातून बाहेर न निघणारी इमारत बांधून बसले. आडवं धरलं तर भिंतीला लागतं, उभं धरावं तर बाजाराचं छप्पर घसरतं. तिथेच अडकलं, जिथे बाबांची खुर्ची अडकली होती.

काठीचा आवाज आला म्हणून वर पाहिलं. बाबा दाराबाहेर येऊन कठड्याला टेकून उभे होते. इतक्या दिवसांत ते उंबऱ्याबाहेर आलेले मी पाहिले नव्हते. आधी ते हसले. खूप हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. वर्गातली दोघंही हसायला लागली. मग बाबा थांबले आणि म्हणाले, "वळत नाही ना? मीही वळलो नव्हतो."

मॉडेल परत वर आणून टेबलावर ठेवलं. एकच उपाय होता. वरची घरं कापून वेगळी करायची, दोन तुकड्यांत न्यायचं आणि तिथे जोडायचं. मी कटर घेतला आणि वाचनालयाच्या छपराशी सगळीकडून चिरत गेले. बाबा खाटेवर बसून बघत होते. मग दोन हातांनी घरांचे मजले उचलले, तेव्हा त्यांच्या सावलीतल्या बसथांब्याच्या दाराशी पहिल्यांदा वरून उजेड पडला.

गॅलरीत बाबा नव्हतेच. सकाळच्या घाईत मी पाहिलं नव्हतं. ते खाली, दाराशी, बाकावर बसले होते. मी सवयीने उचलायला गेले, तर माणूस हलेना. नीट पाहिलं. भोवती गोंदाचा हा एवढा गोळा, वाळून पिवळा पडलेला, आणि गोळ्यावर अंगठ्याचा ठसा. डाव्या हाताने चिकटवला होता. मी पुन्हा ओढला. आणखी ओढला असता तर कंबरेत फाटला असता. मी हात काढून घेतला.

"बाबा, हे काय?"

"बसलोय," ते म्हणाले.

"तुमचं घर वर आहे ना?"

"घर आहे. बसायला हे." मग बराच वेळ शब्द जुळवत राहिले. वर्गातली दोघं उगाचच जिन्याकडे बघायला गेली. बाबा म्हणाले, "वरून माणसं दिसतात. बोलत नाहीत."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "तू एकटी पडशील."

ताई, मी तिथेच टेबलाला धरून रडले. सकाळच्या वेळी, परीक्षेच्या दिवशी, वर्गातल्या दोघांना ऐकू जाईल असं. माझे वडील एका कोपऱ्यातल्या घरासाठी नाही, माझ्यासाठी वर बसले होते. मला वाटत होतं की मी त्यांना सांभाळतेय.

आता ते लिहिते, जे दोन पत्रांत मी टाळलं. दवाखान्यातून वर आणल्यापासून बाबा एकदाही खाली उतरलेले नाहीत. पाऊस येऊन गेला, थंडी येऊन गेली. तू विचारायचीस तेव्हा मी "उतरवते गं मधूनमधून" म्हणायचे. नाही उतरवलं. डॉक्टर घरी येतात ते बाबांच्या सोयीसाठी नाही, मीच त्यांना विनवून बोलावते, म्हणजे उतरवायला नको. वळण अरुंद आहे हे खरं आहे. पण चार माणसं जमवली असती तर जमलं असतं, आणि ते मला माहीत होतं. मला भीती होती की एकदा खाली गेले तर तुझ्याकडे जातील, आणि मग या घरात आईचा फोटो आणि मी. चप्पल काढायच्या आत "कुठलं?" म्हणून विचारणारं कोणी उरणार नाही.

जिन्यात तू म्हणाली होतीस, "तू त्यांना सांभाळत नाहीस, कोंडून ठेवतेस." मी तुला ते वाक्य माफ केलं नाही, कारण ते खरं होतं.

मॉडेल शेवटी दोन तुकड्यांत खाली गेलं. वरची घरं काकूंनी घेतली. कोणाला हातच लावू देईनात. "घर डोक्यावर घेणं म्हणतात ते असं," म्हणत गिरणीपर्यंत आल्या. जोड मात्र शेवटपर्यंत दिसत राहिला. परीक्षकबाई चष्मा सारून वाकल्या आणि म्हणाल्या, "ही चीर कसली? आणि हा गोंद? शेवटच्या वर्षाला असं काम?"

मी म्हटलं, "चीर माझी चूक आहे. गोंद माझ्या वडिलांनी लावलाय. तो निघणार नाही."

मग सर म्हणाले, "दिवस काढ."

मी काढला. बाबा सकाळी लिफ्टने खाली आले. दाराशी बाकावर बसले. एका बाईला न विचारताच सांगितलं की तुमची बस पलीकडून सुटते. ड्रायव्हरशी वेळेवरून वाद घातला. वाचनालयातून पेपर मागवला, त्यातली चूक शोधली, शेजारच्याला दाखवली. चहा घेतला. बसल्या बसल्या डुलकी काढली. ऊन आलं तसे बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. एक लहान मुलगी हरवली होती, ती तिच्या आजीला सापडेपर्यंत यांच्यापाशी बसली. संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर झोपायला वर गेले. बोलताना माझ्या लक्षात आलं की मी गॅलरीचं नावही घेतलेलं नाही.

सरांनी काही विचारलं नाही. परीक्षकबाई म्हणाल्या की वरच्या घरांवर मी फार जीव टाकलाय आणि खालच्या थांब्यावर त्या मानाने कमी, तो बाक भिंतीला टेकवून ठेवलाय, जरा पुढे, वाटेच्या कडेला हवा. बरोबर आहे त्यांचं. गुण अजून कळलेले नाहीत. मिळतील ते मिळतील.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबांनी "कुठलं?" विचारलं नाही. खाटेच्या कडेला बसून माझ्याकडे पाहत होते, परीक्षा त्यांचीच असल्यासारखे. मी स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले आणि मीच विचारलं, "कुठलं?"

त्यांना कळलं. लगेच कळलं. पण काठीची मूठ चोळत राहिले. मी परत विचारलं, "बोला साहेब, मागे रांग आहे."

"मोठीकडचं," ते म्हणाले. "एक."

"फुल की हाफ?"

त्यांनी लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं. "हाफ."

"जायचं, की जाऊन-येऊन?"

यावर त्यांनी काठी खाटेला टेकवून ठेवली. मग डाव्या हाताने माझं डोकं जवळ ओढलं आणि म्हणाले, "सध्या जायचं दे."

तर ताई, उत्तर हो आहे. ये आणि बाबांना घेऊन जा.

येत्या रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत. वळण आता मोजलंय. खुर्ची तिथे वळणारच नाही, तेव्हा खुर्ची नको. जाड चादरीची झोळी करायची, डोकं वरच्या बाजूला, पाय आधी खाली. भाऊजी, काकूंचे यजमान आणि माझ्या वर्गातली दोघं, एवढे पुरतील. वळणावर कठड्याच्या बाजूच्या माणसाने झोळी खांद्यापर्यंत उचलायची. तिथे मी उभी राहीन. ओढणी त्यांच्या हाताशी ठेवीन.

त्यांच्या गोळ्या, चष्मा आणि तो बिनबाह्यांचा स्वेटर बांधून ठेवलाय. चहात साखर मागतील, देऊ नकोस. भिंतीकडे तोंड करून पडले तर झोपलेले नसतात, हाक मार. बाहेरून आलीस की ते "कुठलं?" विचारतील. घाईत असलीस तरी उत्तर दे.

आणि त्यांना तुझ्या आतल्या खोलीच्या खिडकीशी बसवू नकोस. आयुष्यभर माणूस खिडकीच्या आत बसला, मी तर वरच्या खिडकीत बसवला. दाराबाहेर बसव, थांब्यासमोर. बाक नसेल तर कळव, मी करून पाठवते. तुझ्या दाराची रुंदी तेवढी मोजून कळव, म्हणजे माझ्या हातून या वेळी चूक होणार नाही.

मी इथेच राहणार आहे, निकाल लागेपर्यंत आणि नंतरही काही दिवस. एकटी राहायची भीती वाटते, ते खोटं कशाला सांगू? रविवारी तुम्ही सगळे खाली उतराल तेव्हा मी गिरणीपर्यंत येईन आणि परत वर जाईन. तू मात्र गाडीत बसायच्या आधी एकदा वळून बघ.

या वेळी मागे न येणारं,
तुझं शेपूट